शहराच्या मध्यावर पुन्हां बिऱ्हाडें
(ज्युबिलीच्या उत्सवांत दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं शाळेच्या सभागृहांत केलेलें भाषण, थोडें वाढवून)



ज्युबिलीच्या प्रसंगीं पाद्र्यानें देवळाचा इतिहास सांगावा अशी रूढी आहे. तो इतिहास या पुस्तिकेंत अन्यत्र आलाच आहे, आणि ज्यांनीं तो लिहिला त्यांनीं त्यासाठीं आमच्यापेक्षां पुष्कळ अधिक परिश्रम घेतले आहेत. म्हणून आज आम्ही देवळाविषयीं न बोलतां देवळाभोंवतालच्या घरांविषयीं बोलणार आहों. कित्येकांस हा विषय म्युनिसिपालिटीचा वाटेल. त्यांनीं थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

काल सायंकाळीं आपण वाडीवाडींतून मिरवणूक काढली. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही या धर्मग्रामांत साहाय्यक पाद्री म्हणून प्रथम आलों, तेव्हां हीच मिरवणूक याच वाटेनें गेली होती. त्या रात्रीं प्रत्येक चाळीच्या प्रत्येक कठड्यावर मेणबत्त्या लागलेल्या होत्या. म्हाताऱ्या बाया खालीं उतरूं शकत नसत, त्या वरूनच क्रुसाची खूण करीत आणि मुलें दादरावर दाटीनें बसलेलीं असत. काल आम्हीं मुद्दाम मान वर करून पाहिलें. तळमजल्यावर गोदामें, पहिल्या मजल्यावर कचेऱ्या, त्यांवर कुलुपें. बॅन्ड मोठ्या उत्साहानें वाजत होता, पण कित्येक ठिकाणीं तो बंद खिडक्यांसाठीं वाजत होता. मिरवणुकींत माणसें पुष्कळ होतीं हें खरें; परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक मंडळी वसई, नालासोपारा, मीरा रोड, बोरिवली अशा ठिकाणांहून आगगाडीनें आलेली होती, आणि शेवटचा आशीर्वाद झाल्याबरोबर गाडी चुकूं नये म्हणून लगबगीनें परत गेली. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. दोन-दोन तासांचा प्रवास करून ज्युबिलीला येणाऱ्यांची भक्ति मोठीच म्हटली पाहिजे. पण ते पाहुणे म्हणून आले, आणि एके काळीं ते येथले होते.

जुन्या करारांत नहेम्याच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. बाबिलोनच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांनीं यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हां बांधून काढला, वेशींना दारें बसविलीं, द्वारपाल नेमले. आणि मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं कोटाच्या आंत शहर मोठें आहे, पण माणसें थोडीं आहेत आणि घरें बांधलेलीं नाहींत. तेव्हां चिठ्ठ्या टाकून दहांतील एकानें यरुशलेमांत येऊन राहावें आणि नऊ जणांनीं आपापल्या गांवीं राहावें असें ठरलें. जे आपखुशीनें आले त्यांना लोकांनीं आशीर्वाद दिला. सेमिनरींत असतांना हा अध्याय आम्हांस कंटाळवाणा वाटे, कारण त्यांत पुढें नुसती नांवांची यादी आहे. अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. आतां मृतांच्या व बाप्तिस्म्याच्या वह्या वर्षानुवर्षें भरल्यानंतर आम्हांला त्या यादीचें मोल कळतें. ती शहरांत राहावयास आलेल्या घरांची यादी आहे.

अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं सेंट लुईस नांवाचें शहर आहे. १७६४ सालीं फ्रेंच व्यापाऱ्यांनीं तें वसविलें व फ्रान्सच्या संत लुई राजाचें नांव त्याला दिलें. वसवितांनाच एक जागा देवळासाठीं राखून ठेविली होती, आणि त्याच जागेवर १८३४ सालीं पुरें झालेलें दगडी कॅथीड्रल आजही उभें आहे. त्याच्या भोंवतीं एके काळीं वखारी, पेढ्या, छापखाने, खाणावळी व बिऱ्हाडें यांची गर्दी होती. १९३९ पासून पुढें तेथील अधिकाऱ्यांनीं नदीकांठच्या या जुन्या वस्तीचे चाळीसएक चौक पाडून सपाट केले. वस्ती जुनाट झाली, तिच्यामुळें शहराची शोभा जाते, तेथें राष्ट्रीय स्मारक करावयाचें, अशीं कारणें सांगण्यांत आलीं. देवळाला मात्र कोणीं हात लाविला नाहीं. पुष्कळ वर्षें त्या सपाट जागेवर मोटारी उभ्या करीत. पुढें १९६५ सालीं ६३० फूट उंचीची पोलादी कमान तेथें पुरी झाली, आणि ती पाहावयास जगांतून लोक येतात. कमानीच्या पायथ्याशीं, हिरवळीच्या कडेला, तें जुनें कॅथीड्रल एकटें उभें आहे. त्याचें चित्र आमच्या खोलींत टांगलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. देऊळ वांचलें आणि गल्ली गेली, तर काय उरतें, हें विसरूं नये म्हणून आम्हीं तें लाविलें आहे.

तेथें उरलें तें असें. १९५० च्या खानेसुमारींत सेंट लुईस शहराची लोकसंख्या ८ लक्ष ५६ हजारांवर होती. २०२० सालीं ती ३ लक्ष १ हजार भरली. ही घट कोणत्याही साथीनें किंवा युद्धानें झालेली नाहीं. १९५६ च्या कायद्यानें मोटारींसाठीं मोठमोठे हमरस्ते झाले व ते शहरांच्या पोटांतून नेण्यांत आले. बाहेर नवीं घरें घेणारांस सरकारी हमीवर स्वस्त कर्जें मिळालीं, जुन्या वस्तींत घर घेणारांस, विशेषतः कृष्णवर्णी लोकांस, तीं नाकारण्यांत आलीं. कोठें राहावें, कोठें काम करावें, कोठें माल विकावा हें नकाशावर वेगवेगळे रंग देऊन ठरविण्यांत आलें. ज्यांना जातां आलें ते गेले. मध्यभागीं दिवसां कचेऱ्या भरत व सायंकाळीं सहा वाजतां रस्ते ओस पडत. ज्यांना जातां आलें नाहीं अशा गरिबांसाठीं अकरा-अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती १९५० नंतरच्या दशकांत उभारल्या. वीस वर्षेंही न होतां, १९७२ पासून त्या सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. आणि २०२३ सालीं त्या आर्चडायोसिसला आपले पुष्कळसे धर्मग्राम एकमेकांत मिळवून टाकावे लागले. लोक नाहींत, तेव्हां पाद्री कोणासाठीं ठेवावयाचे?

तथापि कथा तेथेंच संपत नाहीं. शहराच्या मध्यांतून जाणाऱ्या वॉशिंग्टन ॲव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर जोड्यांच्या व कपड्यांच्या धंद्याच्या प्रचंड जुन्या वखारी रिकाम्या पडल्या होत्या. १९९८ पासून मिसूरी संस्थानानें असा कायदा लागू केला कीं ऐतिहासिक इमारत नीट दुरुस्त करून वापरांत आणील त्याला खर्चाचा कांहीं भाग करांतून वजा मिळेल. पाडून नवें बांधण्यापेक्षां जुनें राखणें फायद्याचें झाल्याबरोबर तेच धंदेवाले, जे काल इमारत पाडा म्हणत होते, ते आज तिच्या विटा मोजूं लागले. वखारींत घरें झालीं, रात्रीं खिडक्यांत दिवे दिसूं लागले. २०२० च्या साथीनंतर कचेऱ्यांतील लोक घरीं बसून काम करूं लागले व अमेरिकेंतील कित्येक शहरांच्या मध्यभागीं उंच इमारती निम्म्या रिकाम्या झाल्या. तेव्हांपासून हा उपाय सर्वत्र बोलला जात आहे.

येथें एक गोष्ट, जी आमच्यासारख्या अडाण्यालाही समजली, ती सांगावीशी वाटते. कचेरीचें घर करणें हें सर्वच इमारतींना साधत नाहीं. जुनी इमारत बहुधा अरुंद असते, तिला दोन्ही अंगांनीं खिडक्या असतात, मध्यें चौक असतो. कारण ती बांधली तेव्हां विजेचा प्रकाश नव्हता, सूर्याचाच होता. अशा इमारतींत खोल्या पाडल्या तर प्रत्येक खोलीला वारा व उजेड मिळतो. अलीकडची कांचेची कचेरी मात्र भाकरीपेक्षां पावासारखी जाड असते. तिच्या पोटांत खिडकीपासून चाळीस-पन्नास फूट आंत जो काळोख असतो, तेथें बाळंतीण कशी राहील? शिवाय नळ व मोऱ्या सर्व एका ठिकाणीं. घरें केलीं म्हणजे त्या घरोघरीं न्याव्या लागतात. तात्पर्य, जीं घरें आपण जुनाट म्हणून टाकूं पाहतों, तींच राहण्यासाठीं अधिक योग्य असण्याचा संभव आहे.

कॅनडांतील व्हँकूव्हर शहरानें निराळा मार्ग घेतला. तेथें १९९१ च्या आराखड्यांत ठरविलें कीं मध्यभागींची कांहीं जागा कचेऱ्यांसाठीं न ठेवतां राहण्यासाठीं द्यावी. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनाची मोठी रिकामी जमीन होतीच. तेथें इमारती उंच बांधूं दिल्या, पण रस्त्याच्या पातळीवर ओट्यासारखीं दारें असलेलीं घरें ठेवावयास लाविलीं. आणि मुख्य म्हणजे, मोठ्या वसाहतींत सुमारें चौथा हिस्सा घरें मुलाबाळांच्या कुटुंबांस पुरतील इतक्या खोल्यांचीं असावीं, जवळ खेळण्यास जागा व शाळेस जागा असावी असा नियम केला. शहाण्या लोकांनीं हंसून सांगितलें कीं अशा उंच इमारतींत मुलें घेऊन कोण राहणार? २००४ सालीं तेथें एल्सी रॉय नांवाची प्राथमिक शाळा उघडली आणि थोडक्याच काळांत तींत जागा पुरेना. आम्हांला ही बातमी वाचून जितका आनंद झाला, तितका एखाद्या नव्या देवळाच्या बातमीनेंही झाला नसता. दोष सांगावयाचा तर तीं घरें इतकीं महाग झालीं कीं शिक्षक, परिचारिका व वाहनचालक यांना तेथें राहणें दुरापास्त झालें. शहर जिवंत झालें, परंतु कोणासाठीं, हा प्रश्न उरला.

तो प्रश्न ज्यांनीं सर्वांत आधीं विचारला, त्या शहराकडे आतां येतों. रोम येथें अभ्यासासाठीं असतांना आम्ही सुट्टींत दोन दिवस बोलोन्यास राहिलों होतों. तेथील विद्यापीठाचा आरंभ १०८८ सालचा मानतात, हें सर्वांस ठाऊक आहे. पण आमचें मन तेथील पडव्यांनीं वेधलें. घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढें आलेला, त्याखालीं खांब, आणि खांबांच्या आंतून पायवाट. अशा पडव्या शहरभर मैलोगणती आहेत. २०२१ सालीं युनेस्कोनें त्यांना जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. पावसांत छत्रीशिवाय आम्ही सर्व शहर फिरलों. ती जागा घरमालकाची, पण वाट सर्वांची. आपल्या जुन्या वाड्यांतील ओट्यांची आम्हांला तेथें पदोपदीं आठवण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोलोन्याच्या मध्यभागींचीं कारागिरांचीं घरें मोडकळीस आलीं होतीं व लोक बाहेर जाऊं लागले होते. शहराचा कारभार कम्युनिस्टांच्या हातीं होता. येथें एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. १९५६ च्या निवडणुकींत त्यांच्याविरुद्ध कॅथोलिक पक्षातर्फे दोस्सेत्ती नांवाचे विद्वान गृहस्थ उभे होते, तेच पुढें पाद्री झाले. त्यांनीं आपल्या जाहीरनाम्यांत अशी सूचना केली होती कीं शहराचे मोहल्ले पाडावे आणि प्रत्येक मोहल्ल्याला आपल्या कारभारांत बोलण्याचा अधिकार द्यावा. निवडणुकींत ते हरले. सूचना मात्र जिंकली. जिंकलेल्या कम्युनिस्टांनीं पुढील कांहीं वर्षांत तीच अमलांत आणली. कल्पना चांगली असली म्हणजे ती कोणाच्या घरीं जन्मली हें पाहूं नये, इतका समंजसपणा दोन्ही बाजूंस होता. त्याच सुमारास तेथील आर्चबिशप कार्डिनल लेर्कारो यांनीं शहराच्या बाहेर वाढणाऱ्या नव्या वस्त्यांत देवळें बांधण्याची मोठी मोहीम १९५५ पासून काढली होती. लोक जेथें जातील तेथें देवळानें गेलें पाहिजे, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. जेथून ते जातात तेथें काय करावें, हा प्रश्न शिल्लक होता.

त्याचें उत्तर १९६९ च्या व १९७३ च्या योजनांत आलें. त्या वेळीं चेर्वेल्लाती नांवाचे स्थापत्यज्ञ नगरपालिकेंत त्या खात्याचे प्रमुख होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं जुनें शहर राखावयाचें म्हणजे त्याच्या भिंती व तेथले रहिवासी दोन्ही राखावयाचे. भिंती राखून रहिवासी घालविले तर तो नाटकाचा पडदा होतो. सरकारकडून गरिबांच्या घरांसाठीं जो पैसा मिळतो तो त्या काळीं सर्वत्र शहराबाहेर नव्या इमारती बांधण्यांत खर्च होई. बोलोन्यानें तोच पैसा मध्यभागींचीं जुनीं घरें दुरुस्त करण्याकडे वळविला. सान लिओनार्दो, सोल्फेरीनो अशा साध्या लोकांच्या मोहल्ल्यांपासून आरंभ केला. प्रथम घरें सक्तीनें विकत घ्यावीं असा विचार होता. त्यावर इतका गदारोळ झाला कीं तो सोडून द्यावा लागला, व तें बरेंच झालें असें आम्हांला वाटतें. मग मालकांशीं करार केले: दुरुस्तीला आम्ही मदत देतों, तुम्ही ठरलेलीं वर्षें ठरलेलेंच भाडें घ्या आणि जुन्या भाडेकऱ्यास परत घ्या. काम चालू असतां कुटुंबांनीं कोठें राहावें? त्यासाठीं त्याच मोहल्ल्यांत कांहीं घरें आधीं तयार करून ठेविलीं. एका गल्लीचें काम होईपर्यंत तेथील बिऱ्हाडें या घरांत, तीं परत गेलीं कीं दुसऱ्या गल्लीचीं. मुलांची शाळा बदलली नाहीं, म्हातारीचा दुकानदार बदलला नाहीं. १९७५ हें वर्ष युरोपांत जुन्या वास्तूंच्या जतनाचें वर्ष म्हणून पाळलें गेलें, तेव्हां बोलोन्याचें उदाहरण पुढें ठेवण्यांत आलें होतें. योजना होती तितकी पुरी झाली नाहीं, पैसा अपुरा पडला. आणि आतां विद्यार्थी व प्रवासी यांना चढ्या भाड्यानें खोल्या देण्याच्या लोभानें तेथील जुन्या रहिवाशांवर पुन्हां संकट आलें आहे. पण ज्यांना तेव्हां आपल्याच गल्लींत परत येतां आलें, त्यांच्यापुरती ती सफळ झाली.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. २००१ च्या खानेसुमारींत मुंबई बेटाची, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची, लोकसंख्या ३३ लक्ष ३८ हजार होती. २०११ सालीं ती ३० लक्ष ८५ हजार झाली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लक्ष ४० हजारांवरून ९३ लक्ष ५७ हजारांवर गेला. कारणें तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १९४० सालचीं भाडीं गोठविलीं. त्यामुळें गरिबाचें छप्पर राहिलें, पण छपराची दुरुस्ती राहून गेली. पागडीचा व्यवहार वाढला. पावसाळ्यांत घरें पडूं लागलीं, तेव्हां १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर घेतल्या जाणाऱ्या १९,६४२ इमारती त्याच्या यादींत आल्या. टेकू लागले, आणि कित्येक ठिकाणीं टेकू हाच इमारतीचा कायमचा भाग झाला. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या, कचेऱ्या वांद्रे-कुर्ल्याकडे गेल्या, आणि मग पुनर्विकासाची लाट आली.

पुनर्विकासाविरुद्ध आम्ही बोलत नाहीं. ज्या चाळींत पंचवीस बिऱ्हाडांस चार संडास, ती तशीच राहावी असें म्हणणारानें आधीं तेथें एक पावसाळा काढावा. जुन्या भाडेकऱ्यास ३०० चौरस फुटांचें स्वतःचें घर, आंत मोरी व संडास, हें लहान सुख नाहीं. पण पुढें काय होतें तें पाहा. जुनी चाळ रस्त्याशीं बोलत असे. नव्या इमारतीचे खालचे पांच-सहा मजले मोटारींसाठीं. रस्त्यावर येते ती आंधळी भिंत व पहारेकरी. घर फुकट मिळतें, पण लिफ्टचा, पंपाचा, पहाऱ्याचा मासिक खर्च फुकट नसतो. पेन्शनीवर राहणारें जोडपें दोन-तीन वर्षें तो कसाबसा भरतें आणि मग घर विकून वसईची वाट धरतें. कायद्यानें त्याला कोणीं हांकललें नाहीं. तें आपण होऊन गेलें, असें कागदावर दिसतें.

गिरगांवची खोताची वाडी आपणांपैकीं अनेकांच्या नातेवाइकांची. तेथें एके काळीं पडवी व जाळीदार कठडे असलेलीं ६५ घरें होतीं. आतां त्यांच्या निम्मींही उरलीं नाहींत. भेंडीबाजारांत बोहरा समाजानें २००९ सालीं स्वतःचा विश्वस्त निधि स्थापन करून साडेसोळा एकरांची सर्व वस्ती एकत्र बांधण्यास घेतली, व मुख्य हेतु असा ठेविला कीं राहणारे व दुकानदार तेथेंच परत यावे. त्या उंच इमारती कोणास आवडोत न आवडोत. एका समाजानें आपल्या माणसांना शहराच्या मध्यावर धरून ठेवण्याचा निश्चय केला, ही गोष्ट आम्हां कॅथोलिकांस विचार करावयास लावणारी आहे. आम्ही काय केलें? आम्हीं निरोप-समारंभ केले.

येथें आमचा स्वतःचा एक दोष कबूल करणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्यांतील एक विधवा बाई आमच्याकडे सल्ल्यासाठीं आल्या. एका बांधकाम करणारानें त्यांच्या दोन खोल्यांसाठीं रोख रक्कम देऊं केली होती. मुलगा घ्या म्हणत होता. आम्हीं कागद पाहिले, रक्कम पाहिली आणि म्हणालों, “बाई, घ्या. विरारला स्वच्छ हवा आहे, मोठें घर मिळेल.” त्यांनीं घेतली. घर खरोखरच मोठें मिळालें. पहिलीं दोन वर्षें त्या दर रविवारीं सातच्या मिसेला येत. पहांटेची गाडी धरून. मग महिन्यांतून एकदां. पुढें त्यांच्या मुलाचा निरोप आला. त्यांची शेवटची इच्छा येथल्या दफनभूमींत जागा मिळावी अशी होती, आणि ती आम्हीं पुरी केली. त्या दिवशीं शवपेटीमागें चालतांना त्यांच्या जुन्या शेजारणींपैकीं एकही त्या गल्लींत राहत नव्हती, हें आमच्या लक्षांत आलें. हवेचा आम्हीं विचार केला होता, शेजाराचा केला नव्हता. आजारपणांत रात्रीं दार ठोठावलें असतां उघडणारें दुसरें दार, ही त्या दोन खोल्यांची अर्धी किंमत होती, आणि ती कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रांत शहरांतील शेजार व आपलेपणा यांविषयीं विस्तारानें लिहिलें आहे, आणि कोणाला हलविणें भाग पडलें तर त्याला आधीं सर्व माहिती द्यावी व ठरविण्यांत त्याचा हात असावा असें बजावलें आहे. तें आम्हीं वाचलें होतें. वाचून सल्ला तसाच दिला असता कीं काय, हें देव जाणे.

म्हणून आतां जी गोष्ट आपल्यासमोर निकालासाठीं आहे तिच्याकडे येतों. शाळेमागील जुन्या बोर्डिंगच्या इमारतीचा वरचा मजला, बोर्डिंग बंद झाल्यापासून, रिकामा आहे. एका व्यापारी कंपनीनें तो माल ठेवण्यासाठीं मागितला आहे. भाडें चांगलें आहे. त्यांतून देवळाचें छप्पर तीन-चार वर्षांत नवें होईल, असा हिशेब आपल्या वित्त समितीनें केला आहे व तो बिनचूक आहे. दुसरी सूचना अशी कीं तेथें आठ लहान घरें करावीं आणि धर्मग्रामांतील ज्या तरुण जोडप्यांचे आईबाप येथें राहतात, पण ज्यांना येथें घर घेणें शक्य नाहीं, त्यांना माफक भाड्यानें, ठरावीक मुदतीच्या करारानें द्यावीं. ही सूचना आमची नाहीं; ती तरुण मंडळानें केली. आम्ही तिच्या बाजूचे आहों हें मात्र उघड सांगतों.

अडचणी पुष्कळ आहेत. आपल्यांतील इंजिनिअर बंधूंनीं इमारत तपासली. भिंती जाड व चांगल्या आहेत, खिडक्या दोन्ही अंगांनीं आहेत. पण दुसरा जिना घालावा लागेल, मोऱ्यांसाठीं एक उभी नळवाट नवी काढावी लागेल, आणि पश्चिमेकडील तुळया वाळवीनें खाल्ल्या आहेत. खर्च पहिल्या अदमासाहून अधिक येईल. भाडें कंपनीच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेंही येणार नाहीं, व छप्पर दहा वर्षांनीं होईल. तोंवर पावसाळ्यांत डाव्या बाजूच्या बांकांवर बादल्या ठेवाव्या लागतील, जशा आतां ठेवतों. मुदत संपल्यावर मंडळी घर सोडतील काय, ही भीति वडील मंडळींनीं बोलून दाखविली. पागडीच्या दिवसांचा ज्यांना अनुभव आहे त्यांची भीति पोकळ म्हणतां येत नाहीं. करार वकिलांकडून नीट करून घेऊं, पण करारानें सर्व भीति जात नाहीं. शेवटीं एकमेकांवर भरंवसा ठेवावा लागेल. महागुरुस्वामींची परवानगी दोन्ही सूचनांस लागेल, आणि ती मागण्यापूर्वीं आपलें एकमत, निदान बहुमत, काय आहे तें त्यांना कळविलें पाहिजे.

आठ घरांनीं शहर वसत नाहीं हें आम्ही जाणतों. पण आठ घरांत दहा-बारा मुलें असतील, आणि आपल्या शाळेच्या पहिल्या इयत्तेंत यंदा किती मुलें आहेत तें तुम्हीं बाईंना विचारून पाहावें. तळमजल्यावरच्या दुकानदारांस आम्हीं विचारलें, दूधवाला म्हणाला, “पाद्री साहेब, आठ घरें आलीं तर मी संध्याकाळीं दुकान नऊपर्यंत उघडें ठेवीन.” गल्लींत रात्रीं नऊपर्यंत एक दुकान उघडें राहिलें तर एकट्या राहणाऱ्या वृद्ध बायांना रोझरीहून घरीं परततांना सोबत वाटेल. नव्या भुयारी मेट्रोचें गिरगांवचें स्थानक २०२५ सालीं सुरू झालें आहे. उपनगरांतील नोकरीसाठीं येथून निघणें आतां पूर्वींइतकें कठीण नाहीं, तेव्हां कामासाठीं बाहेर गेलेंच पाहिजे हें कारणही पुष्कळांस उरलें नाहीं.

वित्त समितीचा हिशेब आणि आठ घरांचा नकाशा, दोन्ही शेजारीं शेजारीं, शाळेच्या जिन्याखालील फलकावर लावले आहेत. येत्या रविवारीं दुसऱ्या मिसेनंतर इंजिनिअर बंधु तेथें थांबतील व विचाराल तें सांगतील. त्यानंतरच्या रविवारीं सर्वांचीं मतें चिठ्ठ्यांवर घेतलीं जातील. जे वसई-विरारहून येतात त्यांनींही मत द्यावें. त्यांचीं नांवें अजून आमच्या वहींत आहेत. बोर्डिंगच्या वरच्या मजल्याची किल्ली ऑफिसांत आहे. ज्यांना जागा प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनीं ती घेऊन जावी, मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय जपून ठेवावा.